लाल रेघेपर्यंत

मी एक जुना प्लास्टिकचा पेला आहे आणि माझ्या पोटावरची लाल रेघ खोटी आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणारे आधी आपली थोरवी सांगतात. मला मात्र हे कबूल केल्याशिवाय पुढचे बोलवत नाही.

साच्यातून निघालो तेव्हा मी पाणी प्यायचा साधा पेला होतो. बारा भावंडांबरोबर एका खोक्यातून मी जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात आलो. कुत्र्या-मांजरांनी काय आणि किती खावे, याचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम तिथे होत्या. "डोळ्यांनी वाढू नका, काट्यानं वाढा," हे त्यांचे वर्गातले लाडके वाक्य. पण दाणे तोलायचा काटा एकच होता आणि संध्याकाळी तो मुलांच्या सरावाला जाई. म्हणून मॅडमनी साठ ग्रॅम कोरडे दाणे तोलून माझ्यात ओतले आणि ते जिथवर आले तिथे लाल रेघ ओढली. कुत्र्यांचे संध्याकाळचे जेवण माझ्या हवाली झाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

कुत्र्यांची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना सगळे मामा म्हणत. मला भरले की ते डोळ्यासमोर धरून बघत आणि रेघेवरचा एकेक दाणा वेचून डब्यात परत टाकत. समोर गोटी नावाची कुत्री लाळ गाळत बसलेली असे.

"अशी बघू नकोस माझ्याकडे. मॅडम माझीच हजामत करतील," मामा तिला म्हणत.

गोटी नावासारखीच गोल होती. तिचा मागचा गुडघा दुखे. दोन किलो उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असे सर्जनने बजावले होते. दोन महिन्यांत एक किलो उतरलेही. मग मॅडमनी स्वतः तयार केलेले नवे खाद्य आले. त्याचे दाणे बारीक आणि घट्ट होते. पोते बदलले, पण रेघ तीच राहिली. आता रेघेपर्यंत ऐंशी ग्रॅम मावत होते. रोज संध्याकाळी मी जड होत होतो आणि मला ते कळत होते. पण पेल्याने बोलायचे कसे?

गोटीचे वजन पुन्हा चढू लागले. एके दिवशी मॅडमनी मामांना बोलावले.

"मामा, खरं सांगा. लपून काही घालता का तिला?"

"नाही मॅडम. रेघेपर्यंतच देतो."

"मग काय हवा खाऊन वाढते ती? माया मलाही आहे हो. पण या मायेपायी तिचा पाय जाईल."

मामांनी मला धुतले, पुसले आणि टेबलावर ठेवले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना गोदामात पाठवले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. चोर तिथेच टेबलावर लख्ख होऊन बसला होता.

मग मॅडम स्वतः गोटीला वाढू लागल्या, अर्थात रेघेपर्यंत. तीन आठवड्यांनी त्यांनी तिला तोलले. वजन आणखी वाढले होते. मग मला रेघेपर्यंत भरून त्या वर्गात गेल्या आणि माझ्यातले दाणे काट्यावर ओतले. आकडा ऐंशीवर गेला.

"मॅडम, काटा बिघडलाय का?" एका मुलीने विचारले.

"काटा नाही," मॅडम म्हणाल्या. "मी चुकले."

त्या मला हातात घेऊन तशाच गोदामात गेल्या. "मामा, दाणे मी बदलले आणि रेघ बदलायची राहिली. तुमच्यावर मी उगाच आळ घेतला."

मामांनी मला हातात घेऊन फिरवून पाहिले. "मला विचारलंत मॅडम," ते म्हणाले. "आधी याला विचारायचं होतं."

"परत याल?"

"येईन. गोटीसाठी येईन."

गोटीचे वजन उतरले आणि ऑपरेशनही झाले. पण मधल्या चार महिन्यांत गुडघा फार झिजला होता. ती अजूनही एक पाय उचलून धरते.

आता दरवर्षी पहिल्या तासाला मॅडम मला मुलांकडून भरून घेतात आणि काट्यावर रिकामा करतात. साठाऐवजी ऐंशीचा आकडा पाहून वर्ग हसतो. मग त्या सगळे सांगतात. 'लपून काही घालता का' हे स्वतःचे शब्द सांगताना त्यांचा आवाज खाली जातो. एकाने रेघ पुसून देऊ का असे विचारले, तर म्हणाल्या, "राहू दे. मला ती दिसायला हवी."

मित्रांनो, घरच्या कुत्र्यामांजराचे खाणे बदलले तर माप पुन्हा तोलून घ्या. आणि कुणाच्या हातावर संशय घेण्याआधी त्या हातातला पेला एकदा काट्यावर ठेवा. एवढे केलेत तर माझ्या मनावरचे ओझे थोडे उतरेल.

पुरते मात्र उतरणार नाही. कारण गोटी मला अजून ओळखते. मी दिसलो की ती शेपूट हलवत, तीन पायांवर उड्या मारत माझ्याकडे येते. तिला वाटते, मी तिचे भले करणारा आहे.