गाडी माझ्या नावावर होती

रोशनी एकटी मोटरसायकलवर लेहला जाणार ही बातमी कॉलनीत पसरली, तेव्हा लोकांनी विचारलेला पहिला प्रश्न रस्त्याचा नव्हता, थंडीचा नव्हता, घाटाचा तर नव्हताच.

"मंग साहेबाच्या जेवनाचं काय?" धुरपताबाईंनी कंपाउंडच्या भिंतीवरून विचारलं.

साहेब म्हणजे मी. अश्वजित, वय बावन्न, वर्ध्यातल्या एका कॉलेजात कार्यालयीन अधीक्षक. रोशनी माझी बायको. ती सावंगीला दवाखान्यात सिस्टर आहे आणि एकवीस दिवसांची रजा तिने दोन वर्षं आधीपासून साठवली होती. घरात माझी आई आहे, कमलाबाई, वय शहात्तर, अजून भाकरी थापते. हे धुरपताबाईंना माहीत होतं. तरी दोन दिवसांत शेजारच्या बायकांनी एकवीस दिवसांच्या डब्यांचा तक्ता तयार केला. लेहला जाणारीचं अजून काही ठरलं नव्हतं आणि वर्ध्यात राहणाऱ्याची तयारी पूर्ण झाली होती.

मी तक्ता तपासला. दुसऱ्या आठवड्यात वांग्याची भाजी लागोपाठ दोन दिवस येत होती. मी ते निदर्शनास आणून दिलं.

गाडी जुनी बुलेट. तीन वर्षांपूर्वी रोशनीने स्वतःच्या पगारातून घेतली. घेताना एजंट म्हणाला, "साहेबांचं आधार कार्ड द्या," आणि मी दिलं. त्याने तिला विचारलं नाही, मी त्याला थांबवलं नाही, आणि गाडी माझ्या नावावर झाली. मला गाडी चालवता येते, पण बुलेट स्टँडवर लावता येत नाही. त्यामुळे मी ती चालवत नाही. चालवली तर कुठेतरी थांबावं लागणारच.

तयारी बंडूजींच्या हाताखाली चालली होती. बंडूजी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, समोरच्या गल्लीत राहतात. रोज संध्याकाळी ते अंगणात वेताचा मोडा टाकून बसत आणि रोशनीला म्हणत, "चाक खोल." ती खोलत असे. "आता लाव." ती लावत असे. "आता पुन्यांदा खोल." नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता, सहा वाजताही फरशी चटके देत होती, आणि माझी बायको मांडीवर ट्यूब घेऊन पंक्चर शोधत होती. मी पडवीत चहा घेऊन उभा राहत असे. दोन मिनिटांनी आत जात असे. कूलरमध्ये पाणी आहे का पाहत असे. पुन्हा बाहेर येत असे.

"अश्वजितभाऊ, बसा ना एका जागी," बंडूजी म्हणाले. "प्रवासाले ही चालली का तुम्ही?"

फ्रिजच्या दारावर रोशनीने कामांची यादी लावली होती. सतरा कामं. क्लच वायर, ब्रेक शू, रेनकोट, गोळ्या-औषधं. सोळा कामांपुढे काही लिहिलं नव्हतं, म्हणजे ती तिची होती. सतराव्यापुढे लिहिलं होतं: 'विमा – हे'. हे म्हणजेही मी. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण कागदावर मी अजून सर्वनामातच आहे.

गाडीचा विमा एका सोमवारी संपत होता आणि रोशनी दुसऱ्या दिवशी, मंगळवारी पहाटे निघणार होती. नूतनीकरण मोबाईलवर होतं. फॉर्म तीच भरणार होती, पण गाडी माझ्या नावावर, म्हणून ओटीपी माझ्या फोनवर येणार होता. मला फक्त सहा आकडे वाचून दाखवायचे होते. माझ्या नोकरीत मी याहून कठीण कामं केली आहेत.

पहिल्या वेळी ती स्वयंपाकघरातून ओरडली, "आलं का?"

आलं होतं. मी आकडे पाहिले. स्वच्छ, ठळक, दहा मिनिटं चालतील असे.

"नाई आलं," मी म्हणालो.

मी असं का म्हणालो, मला कळलं नाही. मी खोटं बोलणारा माणूस नाही. कार्यालयात मी फार तर उशीर करतो.

चार दिवसांनी दुसऱ्यांदा. "आलं का?" "नेटवर्कच नाई." तिसऱ्या वेळी मी फोन चार्जिंगला लावून गच्चीवर गेलो आणि पाण्याची टाकी तपासली. टाकी भरलेली होती. मी ती बराच वेळ तपासली.

ती पडेल, अशी भीती मला नव्हती. ती पडली तर दहा मिनिटांत स्वतःला पट्टी बांधेल आणि गाडी उचलेल. मला भीती होती ती नीट जाऊन नीट परत येईल याची. परत येईल, हेल्मेट काढेल, आणि आमचा हॉल, शोकेस, सोफ्यावरचं कव्हर आणि सोफ्यावरचा मी, हे सगळं एकदा ओळीने पाहील. त्यानंतर काय, हे मला पुढे दिसत नव्हतं. मी बसलो की उठत होतो आणि उठलो की कशासाठी उठलो ते विसरत होतो. कॉलेजात एका विद्यार्थ्याच्या दाखल्यावर मी 'गंतव्य स्थान' असं लिहिलं. त्या दाखल्यात तसा रकानाच नाही.

निघायच्या आधीच्या शुक्रवारी तिने गाडीला सगळं सामान बांधलं आणि सरावासाठी गिरडला जाऊन येते म्हणाली. सकाळी साडेपाचला गेली. मी ठरवलं की हे पाच तास शांतपणे काढायचे. साडेसहाला मी पेपर वाचून संपवला, जाहिरातींसकट. सातला गेटपर्यंत गेलो. साडेसातला पुन्हा गेलो, या वेळी हातात पाण्याची बादली घेऊन, म्हणजे कारण असावं.

"झाडाले किती पानी घालतं?" आई म्हणाली. "मरून जाईन ते."

"तुले चिंता नाई का तिची?"

"मले? मी तं तिले मेणबत्त्या देल्ल्या. तिकडं मोठे मोठे विहार हायेत म्हन्ते. माह्या नावानं एक लावजो म्हटलं." आई तांदूळ निवडत होती. "माह्यानं तं आता जाणं होत नाई. ती जाऊन राह्यली. चांगलं हाये."

साडेअकराला बुलेटचा आवाज आला. चेहरा उन्हाने रापलेला, केसांत धूळ. गिरडच्या दर्ग्याच्या टेकडीवर गेली होती, वरून चहूकडचं पाहत बसली होती, एवढं मला नंतर कळलं, कारण ते तिने बंडूजींना सांगितलं. मला ती म्हणाली, "रस्ता चांगला हाये." आणि तांब्याभर पाणी उभ्यानेच पिऊन झोपायला गेली.

रविवारी सत्कार. आमच्या कॉलनीचे अध्यक्ष लक्ष्मणराव यांना कोणी कुठे निघालं की त्याचा सत्कार करायची सवय आहे. परत आल्यावर करण्यात ते धोका मानतात. समाजभवनाच्या दारावर फ्लेक्स लागला होता. एका कोपऱ्यात रोशनी, हेल्मेट घातलेली, त्यामुळे कोणीही असू शकली असती. मधोमध मी, पासपोर्ट फोटो मोठा करून, जरासा पिक्सेल फुटलेला. खाली मजकूर: 'धाडसी पत्नीचे खंबीर पती'.

लक्ष्मणराव माईकवर म्हणाले, "आजच्या जमान्यात बायकोले एकटं सोडाले छाती लागते. बायकोची नाई, नवऱ्याची!" टाळ्या. मला शाल आणि गुलाबाचं रोप मिळालं. रोशनीला गुलाबाचं रोप मिळालं. मी बावीस मिनिटं बोललो. स्त्रीशिक्षणापासून सुरुवात केली आणि मनाच्या मोठेपणावर आलो. रोशनी दोन मिनिटं बोलली. त्यातली एक ओळ अशी होती: "सगळी तयारी झाली. फक्त विम्याचं बाकी हाये, ते हे पाहून राह्यले."

पुन्हा टाळ्या. माझ्यासाठी. मी हात जोडले. शालीत प्रचंड घाम येत होता.

सोमवारी मी कॉलेजातून दुपारीच घरी आलो. सकाळपासून कुठल्याच फाईलवर सही झाली नव्हती. रोशनी पडवीत बसली होती. समोर माझा फोन होता, जो मी सकाळी घरी विसरलो होतो. आता वाटतं, विसरलो होतो की ठेवला होता, याची चौकशी समिती नेमावी लागेल.

"बसा," ती म्हणाली.

मी बसलो.

"तीन येळा आलतं ओटीपी. आठ तारखेले, बारा तारखेले, एकोनीसले. मेसेज जसेच्या तसे हायेत."

मेसेज पुसून टाकायचं मला सुचलंच नव्हतं. पंचवीस वर्षं अभिलेख सांभाळणाऱ्या माणसाला अभिलेख नष्ट करण्याची सवय राहत नाही.

"काऊन?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "ऊन फार हाये या दिवसात."

"ते मले मालूम हाये. काऊन, ते सांगा."

मी पंख्याकडे पाहिलं.

"पडीन म्हणून भेव लागते?"

"नाई."

"लोकं काय म्हन्तील?"

"लोकायनं तं शाल देल्ली."

ती हसली नाही. मी अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना पिशव्या बांधलेल्या, मागची सीट गुंडाळलेल्या रेनकोटने भरलेली. तिथे बसायला जागा नव्हती. मी ती सीट गेले दोन महिने रोज पाहत होतो.

"तू मले एकदाबी चाल म्हटलं नाई," मी म्हणालो. बोलून झाल्यावर मला ते चौथीतल्या मुलाचं वाक्य वाटलं.

रोशनीने एकदा मागच्या सीटकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाई म्हटलं. म्हणणार बी नोयती." तिचा आवाज चढलेला नव्हता. दवाखान्यात ती रुग्णाच्या नातेवाइकांशी याच आवाजात बोलते. "ड्युटीवर वॉर्डले विचारून चहा प्याचा. घरी आली का सगळ्याइले विचारून गॅस पेटवाचा. नागपूरले लग्नाले जायचं तं तुमच्या मनानं निघाचं, तुमच्या मनानं वापस याचं. मले एकवीस दिवस कोनाले न विचारता थांबायचं हाये. एखांद्या झाडाखाली. कामाचं काहीच नाई तरी. अर्धा घंटा. आनि मंग कोनाले न विचारता निघाचं हाये. तुम्ही संगं असले तं 'काऊन थांबली' असं विचारान. वाईट नाई तुम्ही. पन विचारान."

मी विचारलं असतं. यात मला शंका नव्हती.

"आता चौथ्यांदा भरून राह्यली," तिने तिचा फोन उचलला. "हे लागलं तं जाईन. नाई लागलं तं गाडी गेटाच्या भाईर काढणार नाई, बिनकागदाची गाडी मी चालवत नाई. तुमच्या हातात हाये. पन मंग उद्या सकाळी झेंडी घेऊन आले का लक्ष्मणरावले तुम्हीच सांगजा."

माझा फोन किणकिणला. सहा आकडे. पडवीत पंखा फिरत होता. आत आईच्या रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. दहा मिनिटं खूप असतात, हे मला तेव्हा कळलं. एवढ्या वेळात माणूस एका जागी बसून कितीतरी ठिकाणी जाऊन येऊ शकतो.

मी आकडे वाचले. एकेक करून. चौथा आकडा दोनदा वाचला.

पॉलिसी आली. तिने नाव, नंबर, तारीख तपासली, आणि उठून गाडीच्या पिशव्यांचे पट्टे ओढून पाहिले. साडेचार वाजले होते.

"आता?" मी म्हणालो. "उद्या पहाटे ना?"

"आता निघते. नागपूरले मोठ्या बहिणीकडं मुक्काम. उद्यापर्यंत थांबली तं तुम्ही आखीन काही शोधान." मग किंचित थांबून म्हणाली, "आनि मीबी ऐकून घेईन, त्याचंच भेव हाये."

तिने आईच्या पायांना हात लावला. आई म्हणाली, "हळू जाजो. नाई तं जोरानं जाजो. पन येजो." रोशनी माझ्याकडे आली, माझ्या खांद्याला हात लावला, जसा आपण वळताना भिंतीला लावतो. बुलेट पहिल्या किकला सुरू झाली. पवनारच्या दिशेला आवाज बराच वेळ ऐकू येत होता. मग तो रस्त्यावरच्या इतर आवाजांतला एक झाला.

मंगळवारी सकाळी सहा वाजता लक्ष्मणराव हिरवी झेंडी, माईक, हार आणि स्थानिक पेपरचा फोटोग्राफर घेऊन गेटवर हजर. मागे तीस-चाळीस माणसं. बंडूजी एका बाजूला, हात मागे बांधून.

"साहेब, गाडी कुठं हाये?"

"गेली. काल संध्याकाळी."

"काल? काऊन?"

माझ्याकडे उत्तरं होती. ऊन, रहदारी, शुभ वेळ. बावीस मिनिटं पुरतील एवढी होती. मी माईक मागितला.

"मी विमा थांबवून ठेवलता," मी म्हणालो. "तिनं जाऊ नये म्हणून. तीन येळा खोटं बोललो. म्हणून ती एक दिवस आधीच निघून गेली."

मग लक्ष्मणराव खो खो हसले आणि सगळी कॉलनी हसली. "साहेबाचा स्वभावच मजाकी!" ते म्हणाले. "एवढा मोठा त्याग, अन वरून विनोद!" टाळ्या पडल्या. कोणीतरी हार माझ्या गळ्यात टाकला.

मी तो काढला. माईक अजून माझ्या हातात होता. "मजाक नाई करून राह्यलो," मी म्हणालो आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. तारखांसकट. आठ, बारा, एकोणीस.

या वेळी कोणी हसलं नाही. लक्ष्मणरावांनी हळूच माईक काढून घेतला आणि बंद केला. फोटोग्राफरने विचारलं, मग फोटो कोणाचा काढायचा. लोकांना एकाएकी आठवलं की पाणी यायची वेळ झाली आहे. बंडूजी शेवटी गेले. जाताना त्यांनी अंगणात पडलेला पान्हा उचलून पडवीत ठेवला.

आई दारात उभी होती.

"सगळ्याइसमोर बोलला?"

"हो."

"मंग तिले सांग, सगळ्याइसमोर बोललो म्हणून."

मी फोन काढला. नाव शोधलं.

"आता नको लावू," आई म्हणाली. "गाडी चालवून राह्यली असन. तुह्या फोनसाठी थांबावं लागन मंग तिले."

"मग केव्हा सांगू?"

"ती थांबन तवा तीच लावन."

मी पायरीवर बसलो. उठलो. पुन्हा बसलो. फोन मांडीवर, आवाज पूर्ण वाढवून. सात वाजायला आले होते आणि ऊन पायापर्यंत पोहोचलं होतं. ती सिवनीच्या रस्त्याला लागली असेल. कदाचित थांबलीही असेल, एखाद्या झाडाखाली, आणि फोनला हातही लावला नसेल.