फ्रीजमधला आमदार

माझा नवरा क्रेसेन्सियो गेला त्याला अठरा दिवस झाले होते, आणि त्या अठरा दिवसांत त्यानं पाळलेल्या आहोलोतेनं, त्या पाण्यातल्या सरड्यासारख्या जनावरानं, एकही गांडूळ तोंडात घेतलं नव्हतं. पशुवैद्य म्हणाला, टाकीचं पाणी तापतंय, थंडीत ठेवा. म्हणून आमचा आहोलोते डब्यातल्या पाण्यात, फ्रीजमध्ये, शेजारणींनी सांत्वनाला आणून दिलेल्या जेवणाच्या पातेल्यांच्या मधोमध बसला होता. पातेली तशीच भरलेली. मी फ्रीज उघडायचे ते त्याला बघायला. तो मानेभोवतीचे गुलाबी झुपके हलवत माझ्याकडे टकामका बघायचा आणि मी दार लावून घ्यायचे.

मी त्याला आमदार म्हणायचे. चेहरा सदा हसरा, काम शून्य. क्रेसेन्सियो मात्र कालव्याकाठी त्याच्या टाकीशी बसून तासन्‌तास बोलायचा, आणि मी जवळ आले की गप्प. माझ्यासाठी अडतीस वर्षांत त्याला एकच शब्द पुरला होता: "ए." त्या जनावराचा मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण आता तेही मेलं असतं, तर माझ्या नवऱ्याचं बोलणं पोटभर ऐकलेलं घरात कुणीच उरलं नसतं. ते मला सोसवणार नव्हतं.

शेवटी दोन्या तिबुर्सियाला, म्हणजे आमच्या वैदू तिबुर्सियाबाईला, बोलावलं. घाबरून कुणाचा जीव उडाला तर आमच्या सोचिमिल्कोत तीच तो परत आणते. तिनं डब्यावरून अंडं उतरवलं, ग्लासात फोडलं आणि नाक मुरडलं.

"दहशत बसलीय याला. अंत्ययात्रेत बँडवाले कुठं उभे होते?"

"टाकीपाशी," मी म्हणाले. "तो मोठा पितळी भोंगा तर अगदी काचेला टेकवून."

"मग काय तर! जीव तिथंच पडलाय. चला, हाक मारून आणू."

आमची वरात निघाली. पुढे मडकं घेऊन तिबुर्सिया, मागे डबा घेऊन मी, आणि डब्यावर छत्री धरून क्रेसेन्सियोचा नावेवरचा जोडीदार एपिफानियो. माझ्या मुलाचा तो धर्मपिता, त्या नात्यानं मला कोमाद्रे म्हणणारा, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना.

काठावर तिबुर्सियानं मडकं तोंडाशी धरलं. "नाव सांग."

"आमदार."

"अगं, ही शिवी झाली! शिवी ऐकून कुणाचा जीव परत येतो? मालकानं ठेवलेलं नाव सांग."

ते मला ठाऊकच नव्हतं. एपिफानियो छत्रीच्या दांड्याशी चाळा करायला लागला.

"कोमाद्रे, तुम्ही रागवाल."

"रागावलेलीच आहे मी. बोला."

"पेत्रोनिला."

पेत्रोनिला मी आहे.

"अहो, ते जनावर नर आहे!" मी म्हणाले.

"मीही तेच म्हणालो होतो. तर म्हणाला, हे नाव घ्यायला बरं वाटतं रे. घरी लाज वाटते."

तिबुर्सियाला आमच्या संसाराशी काही देणंघेणं नव्हतं. "आजाऱ्यानं 'आले' म्हणायचं असतं. याला बोलता येत नाही, तर तू म्हण," असं बजावून ती मडक्यात ओरडली, "पेत्रोनिला! तिथं राहू नकोस! घरी ये!"

मडक्यातून आवाज जाडाभरडा, पुरुषी निघाला. पलीकडच्या नावेतल्या पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. तिबुर्सियानं आणखी दोनदा तीच हाक मारली. तिसऱ्या हाकेला मी डबा छातीशी धरून तिथंच बसकण मारली आणि मोठमोठ्यानं रडले.

"आले," मी म्हणाले. "आले रे, मेल्या. किती उशीर केलास!"

घरी आल्यावर आमदारानं गांडूळ असं गिळलं की माझं बोटही गेलं असतं. मग मी एपिफानियोच्या बायकोनं दिलेलं घेवड्याचं पातेलं काढलं आणि फ्रीजच्या दारातच उभी राहून गारढोण खाल्लं.

आता मी रोज दुपारी मोठ्यानं हाक मारते, "पेत्रोनिला, जेवायला ये!" आम्ही दोघीही येतो.