चिंचेने घासलेली लादी

देवघरापुढची संगमरवरी लादी म्हणजे आबांचा, माझ्या सासऱ्यांचा, जीव की प्राण. बाकी घरभर शहाबादी, ती कुणी कशीही घासा, पण या पांढऱ्या लादीला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. रोज स्वतः साध्या पाण्याने पुसायचे, लगेच कोरड्या फडक्याने टिपायचे. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती, मला त्या घरात येऊन दोन महिने.

गणपतीआधी आबा वसईच्या बाजारात गेले आणि माझ्या अंगात उत्साह संचारला. देवाची तांब्याची भांडी चिंचेने लखलखली, मग उरलेली चिंच मी लादीवर चोळली! धुतल्यावर बघते तर मधोमध ताटाएवढा डाग, निस्तेज आणि खरखरीत; आंबटाने दगडाची चकाकीच खाल्ली होती. पुसून पुसून हात दुखले. माझं त्या घरातलं बस्तान आता उठलं, असं वाटून मला रडू फुटलं. अखेर त्यावर चटई अंथरली.

आबा आले, चटई पाहिली आणि उचलली. मी भिंतीला टेकून उभी.

"चिंच?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. कोपऱ्यातली फुलांची परडी त्यांनी बाजूला सरकवली. खाली तसाच डाग, जुना.

"आनंदीचा," आबा सासूबाईंचं नाव घेऊन म्हणाले. "लादी बसवली त्याच आठवड्यात लिंबू लावलं तिने. चकाकेल म्हणून. मी इतका ओरडलो, चार दिवस बोललो नाही तिच्याशी." ते खाली बसले. "त्या चार दिवसांचं काय करू आता मी? तू रडू नकोस पोरी. जेवलीस का?"

मी आणखीच रडले. इतका वेळ भीतीने रडत होते, आता त्यांच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी वालीवहून रामू पॉलिशवाला आला. म्हणाला, दोन्ही डाग घासून काढतो, नव्यासारखी करून देतो लादी.

"मधला काढ," आबा म्हणाले. "कोपऱ्याला हात लावायचा नाही."

गणपतीच्या दिवशी सकाळी त्यांनी बादली आणि फडकं माझ्यापुढे ठेवलं.

"आजपासून तू पूस, सुमन. कोपरा तेवढा माझ्याकडे राहू दे."