पुसलेलं सगळं माझ्याकडे आहे

मी बोलतोय तो एका स्टोअरकीपरच्या घरातला कॉम्प्युटर. म्हणजे कालपर्यंत त्यांच्या घरातला. आज ज्याच्या टेबलावर आहे, त्याच्याकडे एक दिवसही राहायची माझी इच्छा नाही. पण मला विचारतंय कोण?

त्या घरात दोघंच. ताई आणि तिचा नवरा. तो एका गोदामात स्टोअरकीपर, स्वभावानं काटेकोर. काम झालं की कीबोर्डवर रुमाल पसरणार, माउसची वायर गुंडाळून ठेवणार. माझ्यावर तो लाइटबिल भरायचा आणि पत्ते खेळायचा. ताई स्वेटरचे नमुने बघायची आणि त्यातला एकही विणायची नाही. बरं चाललं होतं आमचं.

मग एका दुपारी ताईची धाकटी बहीण आली. हातात एक पिशवी, बोट धरून पेंगुळलेली शाळकरी लेक, आणि ओठ फुटलेला. स्टोअरकीपरनं दाराला कडी घातली, पाण्याचा तांब्या पुढे केला. धाकटी त्याला भावोजी म्हणायची. त्या दिवसापासून मीही मनातल्या मनात त्यांना भावोजीच म्हणायला लागलो.

ताईनं तिच्या जखमांचे फोटो काढले. "असू देत पुरावा," म्हणाली. ते माझ्यात आले. असले फोटो पोटात घेऊन दिवसभर पत्त्यांचा डाव दाखवणं सोपं नसतं, एवढंच सांगतो.

धाकटीनं माझ्यासमोर बसून कामासाठी अर्ज केले. लांबच्या एका गावात कपड्यांच्या कारखान्यात शिलाईचं काम मिळालं, मग खोलीही मिळाली. खोलीचा भाडेकरार, लेकीच्या शाळेचे कागद, सगळं माझ्यात जमत गेलं.

निघताना ताईनं बजावलं, "पत्ता कुणाला म्हणजे कुणाला सांगायचा नाही. आईलासुद्धा नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"आणि तुझ्या गं?" धाकटी म्हणाली आणि हसली. त्या घरात आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. मला फार बरं वाटलं.

तिचा नवरा, म्हणजे भावोजींचा साडू, दोनदा दारात येऊन गेला. आधी रडला, मग शिव्या दिल्या. भावोजी दार अडवून उभे राहिले. "आम्हाला ठाऊक नाही," याच्यापुढे एक शब्द नाही. मग साडूनं दार वाजवणं सोडलं आणि समोरच्या चहाच्या दुकानात बसायला लागला. ताई माझ्यामागच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायची.

त्या काही महिन्यांत मी पारच म्हातारा झालो. चालू व्हायलाच इतका वेळ घ्यायचो की भावोजी तेवढ्यात दाढी उरकायचे. मला विकायचं ठरलं.

"आधी धाकटीचं सगळं काढा हो त्यातून," ताई म्हणाली.

गोदामातून निकामी माल काढायची भावोजींची पद्धत ठरलेली. सगळा आधी एका कोपऱ्यात जमवायचा, वर चिठ्ठी लावायची, मग एकदम बाहेर. तेच त्यांनी माझ्यात केलं. कुठेकुठे पडलेला एकेक फोटो, एकेक कागद शोधून एका फोल्डरमध्ये आणला. त्याला नाव दिलं 'मेहुणीचे कागद'. मग तो फोल्डर डिलीट केला आणि रिसायकल बिनही रिकामी केली.

"नक्की गेलं ना?"

"अगं, मी कधी काम अर्धवट ठेवलंय का?"

भावोजी, नाही हो गेलं! डिलीट करणं म्हणजे दारावरची पाटी काढणं. माणसं आतच असतात. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं माझ्यात तसंच राहतं. सगळी डिस्क खरोखर पुसणारे प्रोग्रॅम असतात, त्यांना काही तास लागतात. तुम्ही खुशाल दिले असतेत, पण तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. मला तोंड नाही.

मला छातीशी धरून भावोजी कोपऱ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात निघाले. चहाच्या दुकानातून साडूनं ते पाहिलं. भावोजी परत गेल्यावर तो दुकानात शिरला.

"आत्ताच आलाय," दुकानदार म्हणाला. "थांबा, साफ करून देतो."

"नको. आहे तसाच द्या."

दुकानदाराला काय, तेवढंच काम वाचलं.

आज सकाळी साडूनं माझ्यावर डिलीट झालेलं परत आणणारा प्रोग्रॅम चालवला. फुकट मिळतो, कुणालाही जमतो. असल्या शोधात पुष्कळदा अर्धेमुर्धे तुकडे हाती लागतात, ते जुळवता जुळवता माणूस मेटाकुटीला येतो. याला काही जुळवावंच लागलं नाही. भावोजींनी सगळं एका जागी, नाव घालून, नीट लावून ठेवलं होतं. चोराच्या हाती किल्ल्या गेल्या, त्याही जुडगा करून.

त्यानं ते फोटो पाहिले. थांबला नाही, पुढे गेला. भाडेकरार उघडला आणि मोबाइलनं त्याचा फोटो घेतला. "दुसरा मजला," एवढंच बोलला, आणखी एक कागद उघडून वाचला आणि मला चालूच ठेवून बाहेर पडला. गाडी सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला.

तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर विकण्याआधी त्याला मुळापासून पुसा. जमत नसेल तर डिस्क बाहेर काढा आणि हातोड्यानं फोडा. माझी फोडली असती तर मी दुवा दिला असता.

त्यानं उघडलेला शेवटचा कागद अजून माझ्या पडद्यावर आहे. लेकीच्या शाळेचा. शाळेचा पत्ता, वर्ग, शाळा सुटायची वेळ. न्यायला कोण येणार, या रकान्यात धाकटीनं लिहिलंय: आई कामावर असते, मुलगी एकटी घरी येईल.