साधारण पीक

सूर्यभाननं अर्धा चहा बशीनं झाकला, कॉम्प्युटर बंद केला आणि पिशवी उचलली. समोरच्या बाकड्यावरची चार माणसं एकमेकांकडे बघू लागली. चालू मार्केटमध्ये हा माणूस जागचा हलत नाही, हे अकोल्याच्या त्या शेअरच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

"काहून भाऊ, कुठं चालले?" धर्मेंद्रनं विचारलं. त्याचं बियाण्यांचं दुकान होतं, पण ते मुलाच्या गळ्यात टाकून तो रोज इथं ठाण मांडून बसे.

"अमरावतीले. काम हाये."

"मार्केट काय म्हन्ते मंग? वर जाईन का खाली?"

"सांगता येत नाही."

लोकांचे सौदे टाकायच्या या नोकरीला लागल्यापासून त्याचं हेच उत्तर होतं. छातीठोक तेजी सांगणारे त्यानं पाहिले, मंदीची भीती घालणारेही पाहिले. उद्याचं कोणालाच कळत नाही, एवढंच त्याला कळलं होतं. पण खरं बोलण्याचीही पंचाईत असते. लोकांना वाटे, याला सगळं कळतं, फक्त हा पठ्ठ्या तोंड उघडत नाही. मग ते तोंड सोडून त्याचं बाकी सगळं वाचू लागले. त्यानं चष्मा पुसला की म्हणे घ्यायचं, दुसऱ्यांदा चहा मागवला की थांबायचं. एकदोनदा जमलंही. फसलं ते कोणी लक्षात ठेवलं नाही.

आज तर तो उठूनच गेला होता.

कारण साधं होतं. मेहुणीचा, सीमाचा, फोन आला होता. त्याची बायको जमुना तीन आठवड्यांपासून अमरावतीच्या दवाखान्यात होती आणि सीमा तिच्या उशाशी होती. "भाऊजी, डॉक्टर तुमालेच बोलावून राहिले," ती म्हणाली होती. "आजच या."

बस मूर्तिजापूरला थांबली तेव्हा धर्मेंद्रचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"मानलं भाऊ तुमाले! तुमी उठले अन् आमी समदं विकून टाकलं. आता पाहा, कसं धाडकन पडलं मार्केट."

"माही बायको दवाखान्यात हाये, धर्मेंद्रभाऊ. म्हनून उठलो मी."

"अरे बाप्पा. काळजी घ्या बरं," धर्मेंद्र म्हणाला, आणि मग अवघडून, "उद्या येता ना पन? आता घ्यायचं कवा, तेवढं..."

सूर्यभाननं फोन खिशात टाकला. रागवावं इतकंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

डॉक्टर पोरसवदा होता, पण बोलायला मऊ. औषधं लागू पडत नाहीत, आता घरी न्यायचं तरी चालेल, असं त्यानं हळूहळू सांगितलं.

"किती दिवस, साहेब?"

"सांगता येत नाही, काका."

हे तर त्याचंच वाक्य. आयुष्यभर तो ते लोकांच्या हातावर ठेवत आला होता, आज त्याच्या हातावर आलं. डॉक्टरनं पेन खिशाला लावलं, खिडकीकडे पाहिलं, आणि सूर्यभान त्याचा अर्थ लावू लागला. हा सुस्कारा कशाचा? नजर का वळवली? बाकड्यावर बसून धर्मेंद्र रोज काय करत होता, ते त्याला तिथं उमगलं, आणि त्याची कीव आली. स्वतःचीही आली.

जमुना जागी होती. सीमा चहाला गेली होती. तो खाटेशेजारी बसला आणि मोसंबी सोलू लागला.

जमुनाचे वडील नत्थुजी दर्यापूरकडच्या त्यांच्या गावात घटमांडणी करत. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी वावरात घट मांडायचा, भोवती धान्य ठेवायचं आणि पहाटे कोणतं धान्य किती सरकलं त्यावरून सालाचं पीक सांगायचं. लहानगी जमुना सोबत असे. एका साली तुरीचा दाणा न् दाणा विखुरलेला तिनं स्वतः पाहिला, म्हणजे तूर बुडणार. बांधावर अख्खं गाव ताटकळत उभं होतं. नत्थुजी उठले आणि म्हणाले, "तूर साधारण." घरी येताना ते तिला म्हणाले, "पोरी, पेरायले त् जाऊ दे त्याहिले." लग्नानंतर तिनं ही गोष्ट सूर्यभानला कितीदा तरी सांगितली होती.

"काय म्हनले डॉक्टर?" तिनं विचारलं.

"बरी होशीन तू."

"खरं?"

"पक्कं. दिवाळीले अंगनात सडा तूच टाकशीन."

असं छातीठोक तो जन्मात पहिल्यांदा बोलला होता. जमुना त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. घटावरून उठलेल्या माणसाचा चेहरा तिच्या ओळखीचा होता.

"येवढी तेजी नका सांगू," ती म्हणाली. "साधारण म्हना."

मोसंबीची फोड त्याच्या हातातच राहिली.

"म्हना ना."

"साधारण."

"बस. तेवढं चालते मले." तिनं डोळे मिटले.

स्टुलावर फोन थरथरत होता. धर्मेंद्रचाच. सूर्यभाननं तो उलटा ठेवला आणि तिचे पाय दाबायला घेतले.