झबलं घातलेला दगड

माझी नातसून अस्मिता काय काम करते, हे मला कुणाला धड सांगता येत नाही. "ती जमीन खणते" म्हटलं की मस्कतजवळच्या आमच्या अल हैलमधल्या बायका विचारतात, "म्हणजे बिल्डिंग लाइनमध्ये का?" मग मी सांगते की ती जुनी घरं शोधून काढते. त्यावर एकजण म्हणाली होती, "आमच्यासाठी पण शोधायला सांगा, भाडी फार वाढलीत."

तिला दिवस होते तेव्हा एकदा तिने मला कामावर नेलं होतं. इब्रीच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याला, दोन हजार वर्षांपूर्वीचं एक घर त्यांनी मोकळं केलं होतं. त्या काळी रोमन लोकांची जहाजं मिरी न्यायला इथूनच पुढे, तिकडे आपल्या देशाच्या किनाऱ्याला जायची म्हणे. या घरात त्यांच्याकडच्या काचेचा एक निळा मणी सापडला होता. भिंती माझ्या गुडघ्याएवढ्याच उरल्या होत्या, पण दाराचा दगडी उंबरठा शाबूत होता. मी चपला बाहेर काढल्या, साडी उचलली आणि उंबरठा ओलांडून आत गेले. अस्मिता हसली.

"आजी, चपला घाला. खडे टोचतील."

"कुणाच्या घरात चपला घालून जातात का गं?"

मागच्या खोलीत एक भट्टी होती आणि भट्टीपाशी एक लांबट गोल दगड पडला होता. दोन्ही टोकांना झिजून गुळगुळीत झालेला, हुबेहूब वरवंटा. मी म्हटलं, हे तर स्वयंपाकघर.

"तुम्हीपण डॉक्टर सालेमच्या पार्टीत," अस्मिता म्हणाली. डॉक्टर सालेम तिचे साहेब. "मी म्हणते हा तांब्याचा कारखाना आहे. बाहेर धातूची मळी सापडलीय. आणि भांडण मिटवणार हा दगड. त्याच्या भोकाभोकांत जे वाटलं असेल ते अजून चिकटलेलं असतं. मस्कतच्या प्रयोगशाळेत ते काढून बघायचंय."

मी सवयीने हात पुढे केला, तर तिने माझं मनगट धरलं. "हात नाही लावायचा. तुमच्या बोटाला सकाळच्या आमटीचं तिखट असेल, तर दोन हजार वर्षांपूर्वी इथे मिरची होती असं निघेल."

"नव्हती का?"

"दीड हजार वर्षं तरी वाट बघायची होती तिला."

त्या खोलीतला तेवढा एकच दगड. तो बिघडला की पुन्हा विचारायला दुसरा नाही, हे तिने मला तेव्हाच बजावलं होतं.

पुढे मुलगी झाली. वजनाने चांगली, आवाजाने त्याहून चांगली. बारावा दिवस सोमवारी येत होता. माझा नातू कौशिक म्हणाला, "आजी, फ्रायडेला करू ना, सगळ्यांना ऑफ असतो." मी म्हटलं, पोरगी ऑफ बघून जन्मली नाही. ठरलं सोमवारी.

मला एकच काळजी होती. बारशाला आधी वरवंट्याला झबलं-टोपडं घालून पाळण्यात घालायचं, बायकांनी गोविंद, गोपाळ म्हणत त्याला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात द्यायचं आणि मग बाळाला ठेवायचं. दगडासारखं धट्टंकट्टं होऊ दे, म्हणून. आमच्याकडे वरवंटा कुठला? माझा मुलगा अजिंक्य झाला तेव्हा आम्ही सीबच्या जुन्या बाजारामागे राहत होतो. पाणी टँकरचं आणि कूलर शेजारणीचा. तेव्हा मी लाटण्यालाच झबलं घातलं होतं. ती शेजारीण गुलबानू, रत्नागिरीकडची. ती मला आजही ऐकवते.

"म्हणून तुझा अजिंक्य असा सडपातळ, गो. लाटण्यासारखो. या टायमाक नीट दगड बघ."

तोडगा तिच्याच नातीने काढला. समरीन अस्मिताच्याच हाताखाली काम करते. त्या दगडासारखा दुसरा दगड तिने स्वतः घडवला होता, त्या घराजवळच्या ओढ्यातला गोटा घेऊन, जुन्या पद्धतीने दगडाने दगड टोचून. वापरून वापरून किती झिजतो ते मोजायला. "तो नेऊ बारशाला," ती म्हणाली, "गुंडाळलेलाच ठेवू, घासला तर मोजणी बिघडेल. परत आणून दिला की झालं." अस्मिताने हो म्हटलं. खरा दगड समरीन त्याच दिवशी मस्कतला पोचवणार होती, म्हणजे एकाच फेरीत दोन कामं.

सोमवारी दुपारी ती आली तेव्हा घर भरलं होतं. बाळाची आत्या प्रियांका पाळण्याला फुलं लावत होती. अस्मिता खोलीत बाळाला पाजत होती. समरीनने माझ्या हातात पांढऱ्या मलमलीत गुंडाळलेलं गाठोडं दिलं. मलमलीच्या आत चांदीचा कागद करकरत होता.

"आजी, झोपलाय. उघडू नका," ती म्हणाली आणि शिरकुर्म्याचा डबा घेऊन स्वयंपाकघरात गेली.

मी तिच्या थट्टेला थट्टेने उत्तर दिलं. दुपट्यासकट त्यावर झबलं चढवलं, टोपडं बांधलं. टोपड्यावर हळद-कुंकू वाहिलं. दृष्ट नको म्हणून टोपड्याच्या कडेला काजळाचा ठिपकाही लावला. गुलबानू म्हणाली, "नाकीडोळी नीट हा." मग बायकांनी दगड घेतला-दिला, पाळणा म्हटला. कौशिक मोबाइलवर शूट करत होता. "आजी, स्टोनकडे असं प्रेमाने बघ," म्हणत होता. मला तसं बघायला सांगावं लागत नव्हतं.

अस्मिता बाळाला घेऊन बाहेर आली. मी दगड उचलून मांडीवर घेतला, बाळाला पाळण्यात ठेवलं. आत्याने कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, ओवी. ठरल्याप्रमाणे सगळ्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. त्यात अस्मिताचा फोन वाजला.

डॉक्टर सालेम होते. तिने दोन वाक्यं ऐकली आणि तिचा चेहरा उतरला. फोन कानालाच ठेवून ती मराठीत म्हणाली, "समरीन, प्रयोगशाळेत तू घडवलेला दगड पोचलाय."

पाळण्याची दोरी थांबली. समरीन हातातला डाव घेऊनच दारात उभी राहिली. "दोन्ही सारखेच गुंडाळले होते, मॅम. मी उजवीकडचा..."

सगळ्यांनी माझ्या मांडीकडे बघितलं. मांडीवर दोन हजार वर्षांचं बाळ, गुलाबी टोपडं घालून.

"आजी," अस्मिता हळू म्हणाली, "तुम्ही त्याला हळद-कुंकू लावलंत?"

"लावलं."

तिने डोळे मिटले. मी घाईने म्हटलं, "अगं, टोपड्याला लावलं. समरीन म्हणाली झोपलाय, उघडू नका. मी नाही उघडला."

"अजिबात?"

"झोपलेलं पोर उघडं करतात का?"

ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. टोपड्याची कड तिने दोन बोटांनी, अगदी बाळाची उचलावी तशी उचलली. आत मलमल, मलमलीच्या फटीतून चांदीचा कागद. कुठे फाटलेला दिसत नव्हता, पण मलमलीवर कुंकवाचा एक कण सांडला होता. ती फोनवर इंग्रजीत सगळं सांगत गेली, झबल्यापासून काजळापर्यंत. मग तिने फोनचा स्पीकर लावला.

"मुबारक," डॉक्टर सालेम अरबीत म्हणाले. "दगड मुलगा आहे की मुलगी?"

गुलबानूने पहिली हसायला सुरुवात केली. तिला सालेमचं अरबी आमच्यापेक्षा जास्त कळतं. पुढचं तिनेच सांगितलं, की काही सोडू नका, काही पुसू नका. कपड्यांसकट तसाच पाठवा, आणि त्या हळदीची चिमूटभर पुडी वेगळी बांधून द्या. आत हळद सापडलीच, तर कुणाची ते ओळखायला बरं.

"आणि आजींना सांगा," डॉक्टर सालेम शेवटी म्हणाले, "उघडला असता तर आपण सगळे रडलो असतो."

समरीन मात्र तेवढ्यातच रडून घेत होती. मी तिला जवळ बसवून बेसनाचा लाडू भरवला. अस्मिता तिला म्हणाली, "पुढच्या वेळी नावं लिहायची. दवाखान्यात बाळाच्या पाळण्यावरसुद्धा लिहितात." मग दगड कौशिकच्या गाडीत बसून मस्कतला गेला. बाळासाठी आणलेल्या कार-सीटमध्ये, पट्टा लावून. ओवीने जिथे बसून पहिल्यांदा फिरायला जायचं, तिथे तो आधी बसला.

तरी खरं सांगायचं तर अस्मिता पुढचे कित्येक दिवस धड जेवली नाही. तोंडाने हसायची, पण फोन वाजला की दचकायची. तो एक कण कागदाच्या घडीतून आत गेला असेल तर सारी मेहनत वाया, आणि समरीनचं नाव कायमचं खराब. मी बाळंतिणीला खाऊ घालायची आणि मनातल्या मनात त्या दगडालाच विनवायची.

निकाल आला त्या दिवशी गुलबानू घरीच होती. अस्मिता खोलीतून धावत आली.

"हळद नाही, आजी. कणभरसुद्धा नाही."

"मग काय आहे?"

"एका टोकाला जव आणि तीळ. दुसऱ्या टोकाला तांब्याची हिरवी पूड. नुसती हिरवी, तिकडे जव नाही. आणि इकडे तांबं नाही."

"म्हणजे स्वयंपाकघर की कारखाना?" कौशिकने विचारलं.

"दोन्ही. मी पण बरोबर, सर पण बरोबर. पण एकाच दगडाची दोन टोकं अशी कटाक्षाने वेगळी का ठेवली, ते कळत नाही."

गुलबानूने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आमचे हे, रमण, सीबला घरीच लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचे. माझ्या उलथन्याने डागलेल्या शिशाची झाळ खरवडायचे, माझ्या पिठाच्या चाळणीत स्क्रू धुवायचे. एक दिवस मी चाळणी त्यांच्यापुढे आपटली आणि त्या दिवसापासून घरात दोन चाळण्या झाल्या. शेजारी ऐकू गेलं होतं सगळं.

"बीचच्या पल्याडपर्यंत गेला होता आवाज," गुलबानू म्हणाली.

"अस्मिता," मी म्हटलं, "त्या बाईकडे एकच दगड होता. तिने नवऱ्याला एक टोक दिलं आणि सांगितलं, हे तुझं, हे माझं. माझ्या टोकाला हिरवं लागलं तर बघ. सहज नाही मिळालं ते टोक तिला. भांडून घेतलंय."

अस्मिता ओवीला खांद्यावर थोपटत हसत राहिली. "आजी, हे मी रिपोर्टमध्ये लिहू?"

"लिही की. फक्त भांडण कोण जिंकलं, ते नीट लिही."