मागच्या उजव्या चाकावरचं वजन

रायलीच्या गाडीचे हिवाळी टायर एप्रिलमध्ये उतरवले तेव्हाच मी म्हटलं होतं, हे आता पोरांच्या झोक्याला बांधा. बर्फात पकड घेणारे निम्मे खिळे गळून पडले होते आणि रबर दगडासारखं कडक झालं होतं. रायली म्हणजे माझी बायको. घरोघर जाऊन ती म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. कुणाला औषध द्यायचं, कुणाची जखम धुवायची, कुणापाशी नुसतं बसायचं. फिनलंडमधल्या आमच्या काइनूत एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत जंगलच जंगल, त्यामुळे तिचा निम्मा दिवस गाडीतच जातो. हे रस्ते किती दगाबाज आहेत ते मला सांगायला नको. निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्यावरचा बर्फच ढकलत आलो.

ऑक्टोबरात दुकानात कळलं, तळ्यापलीकडचा एलिस टायर विकतोय. त्याची नजर गेली होती, परवाना परत दिला होता, गाडी भंगारात घातली होती. उरले होते ते टायर. आम्ही दोघं गेलो.

एलिसनं कोठाराचं दार उघडलं. चारही टायर भिंतीला टेकवून ठेवले होते आणि प्रत्येकावर तो कुठल्या चाकाचा ते खडूनं लिहिलेलं होतं. मी गुडघ्यावर बसलो. आधी कडेवर छापलेलं बनावटीचं साल पाहिलं, मग रबरात नख रुतवलं. मऊ होतं. खिळे जागच्या जागी होते. मग खिशातून दोन युरोचं नाणं काढून खाचेत उभं धरलं. चंदेरी कडा पूर्ण बुडाली, तर साधारण चार मिलिमीटर खोली आहे असं समजायचं. कायद्याला तीन चालतात, पण तीनवर आपलं माणूस जानेवारीत घराबाहेर पाठवणारा मला अजून भेटायचाय.

तीन टायरांत कडा बुडून आतलं सोनेरीही थोडं बुडालं. चौथ्यात चंदेरी जेमतेम झाकली गेली. त्याच्यावर लिहिलं होतं, ‘मागचा उजवा’.

“एलिसकाका, हा एकटाच एवढा कसा झिजला?” मी विचारलं.

“तिकडं वजन असायचं.”

“कशाचं? बटाट्याची पोती न्यायचात काय?”

“तुला टायर घ्यायचेत का माझी उलटतपासणी?” म्हातारा फिस्कारला. “पास होतोय ना? मग झालं तर.”

रायलीनं मला कोपरानं ढोसलं. “घे गुपचूप. तुझ्या नाण्याचं समाधान झालंय ना?”

घेतले. घरी आणून बसवताना तो झिजका टायर मी मुद्दाम पुढे डावीकडे लावला आणि मागे दोन्हीकडे चांगले दिले. मागची चाकं घसरली की माणूस हतबल होतो, म्हणून.

बर्फ पडला. रायलीच्या फेऱ्या सुरू झाल्या. टायरांवर ती बेहद्द खूश होती. “इल्मो, रस्त्याला चिकटून चालते रे गाडी! तौनो म्हाताऱ्याच्या घरच्या चढावर सगळे घसरतात, मी मात्र सरळ वर.”

डिसेंबरात एकदा अंगणातला बर्फ काढताना माझं लक्ष गेलं. गाडी मागून उजवीकडे कलली होती. फार नाही, पण एकदा दिसल्यावर डोळ्यांतून जाईना. डिकी उघडली तर आत फावडं आणि रायलीची औषधांची पेटी, तीही डावीकडे. मेकॅनिकला दाखवली. त्यानं गाडी वर चढवली, स्प्रिंग ठोकून पाहिली, हवा पाहिली.

“काही नाही हिला,” तो म्हणाला. “मागं कुणी बसलंय का?”

“कोण बसणार?”

“नाही, म्हणजे कुणी बसल्यासारखी दिसतेय, म्हणून म्हटलं.” तो हसला. मीही हसलो. गाडी घेऊन घरी येईपर्यंत मात्र मी आरशात पाहिलं नाही.

नाताळ झाल्यावर मी पुन्हा बर्फात गुडघे टेकले. पुढच्या डाव्या चाकावरचा झिजका टायर होता तसाच होता. मागच्या उजव्यावर मी चांगला टायर चढवला होता. त्याच्या खाचेत नाणं धरलं तर चंदेरी कडा अर्धी वर राहिली. दोन महिन्यांत एवढं रबर खायला ट्रकचं वजन लागतं. म्हणजे खोट टायरात नव्हती.

रायलीला सांगितलं तर ती दचकली नाही. पुल्लाच्या गोड पावाचा तुकडा कॉफीत बुडवत शांतपणे म्हणाली, “तौनो मला रोज रागावतो.”

“कशाबद्दल?”

“म्हणतो, अगं, त्या बाईला बाहेर गारठ्यात काय बसवून ठेवतेस? आत बोलाव, कॉफी तरी घेऊ दे.”

“तौनोला स्वतःचं नाव आठवत नाही, रायली.”

“बाई कुठे बसलीय तेही सांगतो तो. मागं, खिडकीशी, उजवीकडे.” तिनं कप खाली ठेवला. “आणि खरं सांगू? मलाही कळतं. पट्टा लावायचा विसरले की गाडी केकाटते ना, तशीच मागच्या रिकाम्या सीटसाठीही केकाटायची. म्हणून मी तिथला पट्टा लावून ठेवलाय.”

“आणि तू हे मला आत्ता सांगतेस?”

“तू टायर बदलले असतेस. आणि ती काही करत नाही रे. नुसती बसते.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही एलिसकडे गेलो. त्याला दार उघडायला वेळ लागला. दाढी वाढलेली, घर गार. आत येऊन मी विचारण्याआधीच तो म्हणाला, “तुमच्याकडं आहे ना ती?”

“कोण, एलिसकाका?”

“लेम्पी. माझी बायको.” तो चाचपडत खुर्चीत बसला. “पुढं कधी बसायची नाही. लहानपणी बापाची गाडी झाडावर आदळलेली पाहिली होती तिनं. लग्न झाल्यापासून मागं, उजवीकडं. लोक हसायचे, एलिस टॅक्सी चालवतो म्हणून.”

“म्हणजे त्या वजनानं...” मी सुरुवात केली.

“हे टायर मी घेतले,” तो माझं बोलणं तोडत म्हणाला, “तेव्हा ती जाऊन दोन हिवाळे झाले होते.”

चूल विझलेली होती. रायली उठली आणि लाकडं घालायला लागली.

“पहिल्यांदा झीज दिसली तेव्हा घाबरलो,” एलिस म्हणाला. “मग बरं वाटायला लागलं. उगाच फिरवायचो तिला. गाडी गेली तेव्हा वाटलं, घरात राहील माझ्याबरोबर. मला वाटलं होतं, ती माझ्याबरोबर आहे. ती गाडीबरोबर होती, टायरांबरोबर होती, कशाबरोबर होती देवाला ठाऊक. तुम्ही कोठारातून बाहेर पडलात आणि घर असं झालं.” त्यानं हात हलवून ती गार खोली दाखवली.

“कोट घाला,” रायली म्हणाली.

“कशाला?”

“फिरायला. तिला कुठं जायला आवडायचं?”

त्यानं चाचपडत खुंटीवरचा कोट काढला. मग म्हणाला, “पुलापाशी. तिथं धार गोठत नाही. हंस राहतात.”

मी पुढे रायलीच्या शेजारी बसलो. एलिस पहिल्यांदाच आपल्या टायरांवर मागे बसला, डावीकडे. रायलीनं उजवीकडचा लावलेला पट्टा सोडला नाही. दिवस लहान, सूर्य झाडांच्या शेंड्यांवर टेकलेला. वाटेत एलिस हलक्या आवाजात काहीतरी बोलत होता, आमच्याशी नाही. पुलावर थांबलो. काळ्या पाण्यातून वाफ निघत होती आणि तिच्यात पांढरे पक्षी दिसत होते, नव्हते. एलिसला ते दिसत नव्हतेच. तो त्यांचं ओरडणं ऐकत होता, तोंड उजवीकडे वळवून.

परत त्याच्या अंगणात आलो. तो उतरला, चाचपडत गाडीला वळसा घालून पलीकडे गेला आणि मागचं उजवं दार उघडलं. रायलीनं आत हात घालून पट्टा सोडला. दार धरून म्हातारा उभा राहिला. एका माणसाला उतरायला लागतो त्याहून जास्त वेळ. मग मागची स्प्रिंग हलकेच करकरली आणि गाडी वर आली. मी पाहिलं. रायलीनंही पाहिलं. बर्फावर एलिसच्या बुटांशिवाय कसलाच ठसा नव्हता.

“सावकाश,” तो बाजूला वळून म्हणाला, आणि दोघं घरात गेले. मी ‘दोघं’ म्हणतो, कारण त्यानं पायरीवर थांबून दार उघडून धरलं आणि स्वतः मागाहून आत शिरला.

निघालो तेव्हा चिमणीतून धूर वर जात होता. तळ्याकाठच्या वळणावर, जिथून रायली सगळा हिवाळा डोळे झाकून जात आली होती, गाडीचं मागचं अंग एकदम सुटलं. पाठ तळ्याकडे फिरली. रायलीनं स्टिअरिंग उलटं फिरवलं, ब्रेकला पाय लावला नाही, आणि आम्ही बर्फाच्या बांधात नाक खुपसून थांबलो.

इंजिन बंद पडलं. दोघंही धापा टाकत होतो.

“इतके दिवस एकदाही घसरली नव्हती,” रायली म्हणाली. “इल्मो, ती मागे बसली होती तोवर त्या झिजलेल्या टायरावर एकदाही नाही.”

मी खाली उतरून फावडं काढलं आणि चाकांमागचा बर्फ उपसायला लागलो. त्याच दिवशी संध्याकाळी नवे टायर सांगितले, चारही. ते येईपर्यंत रायलीला कामावर मीच सोडत होतो, माझ्या गाडीनं, अगदी हळू.